शनिवारची साडी

वामनअण्णा टीव्हीतल्या बाईला उलट नमस्कार करायचे. थट्टा म्हणून नव्हे. शनिवारी संध्याकाळी सात वाजता वाद्यवृंदाचा एक तुकडा वाजायचा, पडद्यावर ती हात जोडून 'नमस्कार' म्हणायची आणि सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या एवढ्याशा खोलीत अण्णा खुर्चीवरून अर्धवट उठून हात जोडायचे. बसताना टीव्ही बघायला जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांकडं एक नजर टाकायचे. ती एवढी मुंबईहून आलीय, तुमचे हात काय मोडलेत, अशी ती नजर. हळूहळू खोलीतली सगळीच माणसं हात जोडायला लागली. माझी आईसुद्धा, जी देवळातल्या पुजाऱ्यालाही सहजासहजी वाकत नसे.

अण्णांना जाऊन आता आठ महिने झाले. दहाव्याला त्यांची मुलगी माया म्हणाली, "नंदाताई, तू बोल दोन शब्द." मी मान हलवून नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, हिला रडू येतंय. रडू येत नव्हतं. अण्णांबद्दल बोलायचं तर माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मधे येते, आणि ती मी जवळजवळ चाळीस वर्षं गिळून बसले होते. सांगितली तीही अगदी शेवटी, ज्यांना सांगणं भागच होतं त्यांना. आता सगळंच लिहून टाकते.

अण्णा साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचे, मागं छतापर्यंत साड्यांची कपाटं. साडी उलगडायची ती हातानं नाही, मनगटानं, असं त्यांचं म्हणणं. एक झटका द्यायचे, आणि घडी गिऱ्हाइकाच्या मांडीपर्यंत धावत जायची. "घ्यायचंच असं काय न्हाई वहिनी. बघा नुसतं. साडीला बघितलेलं आवडतं." हे त्यांचं रोजचं वाक्य. बघायला आलेली बाई रिकाम्या हातानं परत गेली तरी अण्णांचं तोंड कधी वाकडं झालं नाही. पण साडी न बघताच 'काय भाव?' विचारलेलं त्यांना खपायचं नाही. "आधी तिची ओळख तर करून घ्या," म्हणायचे.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही अण्णांनी आणला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. तो त्यांनी बातम्यांसाठी घेतला नव्हता, सिनेमासाठी नव्हता, क्रिकेटसाठी तर नव्हताच. घेतला तो शनिवारच्या कार्यक्रमासाठी. एका तासात सगळं असायचं त्यात. भावगीत, मग एक नकलाकार, मग लावणी, मग कुणी चमच्यांवर ताल धरणारा, मधेच दोन मिनिटांचं प्रहसन, कबुतरं काढणारा जादूगार, आणि या सगळ्यांना एका दोऱ्यात ओवणारी ती निवेदिका. तिचं नाव अण्णा कधी घ्यायचे नाहीत. 'आपली बाई' म्हणायचे. माझे वडील नाक मुरडायचे. "नुसतं गाणं ऐकावं तर ते नाही, हा सगळा कालवा कशाला?"

"नुसतं गाणं म्हंजे नुसती आमटी," अण्णा म्हणायचे. "ताटात चटणी नको? कोशिंबीर नको? पापड मोडल्याचा आवाज नको?"

कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर व्हायचा आणि कॅमेरा अधूनमधून त्या प्रेक्षकांवरून फिरायचा. दुसऱ्या रांगेत एक टक्कल पडलेले गृहस्थ दर शनिवारी असायचे. अण्णांनी त्यांना 'शेठजी' नाव दिलं होतं. शेठजी हसले की अण्णा खूश. शेठजींनी जांभई दिली की म्हणायचे, "नकलाकारानं आज तयारी केली न्हाई." एकदा सलग दोन आठवडे शेठजी दिसले नाहीत, तर अण्णा अस्वस्थ. "दमेकरी वाटतो मला तो. छाती भरली असंल." तिसऱ्या शनिवारी शेठजी शाल पांघरून हजर झाले तेव्हा अण्णांनी आतून खडीसाखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "आवं, त्यांना ठाऊक तरी हाय का तुमी हायसा ते?"

"मला ठाऊक हाय की ते हायत. तेवढं बास."

पण अण्णांचं खरं राज्य सोमवारी सुरू व्हायचं. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की बायका यायच्या. "अण्णा, परवा टीव्हीवरच्या बाईनं नेसलेली दाखवा." टीव्ही काळा-पांढरा. साडीचा रंग कुणालाच दिसलेला नसायचा. तो अण्णा सांगायचे.

कसा सांगायचे? मी एकदा विचारलं होतं. "काठ बघायचा," ते म्हणाले. "काठ खोटं बोलत न्हाई. कुठल्या मागावरनं उतरलीय ते काठ सांगतो, आणि त्या मागावर साडीची अंगं कुठल्या रंगाची निघतात ते मला पाठ हाय. मग राहिले दोन नायतर तीन रंग. त्यातला कुठला, ते करड्याचा गडदपणा सांगतो. फक्त लाल आन् हिरवा या दोघांची भीती. काळ्या-पांढऱ्यात ते सख्खे भाऊ दिसतात." एका वहीत ते दर शनिवारी लिहून ठेवायचे: तारीख, कोण गायलं, कोणती साडी. अबोली. डाळिंबी. वांगी. श्रीखंडी. निळ्यातली चिंतामणी. आमच्या सांगलीला त्या कार्यक्रमातले रंग अण्णांच्या तोंडूनच कळत होते. त्यांनी मोरपंखी म्हटलं की त्या हळदीकुंकवाला निम्मी गल्ली मोरपंखी.

सूतगिरणीत कामाला जाणारी एक बाई एकदा दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली होती. तिला शनिवारची डाळिंबी हवी होती, पण रेशमी झेपणारी नव्हती. अण्णा उठले, मागच्या कपाटातनं सुती साडी शोधून आणली, दारातल्या उन्हात धरली आणि म्हणाले, "आपल्या बाईनं घरात नेसायला हीच ठेवली असंल बघ." ती बाई असली हसली, की गादीवरच्या बाकीच्या बायकांनीही सुतीच काढायला लावली.

आता सदाशिवभाऊंबद्दल.

सदाशिवभाऊ अण्णांच्या शेजारच्या गादीवर बसायचे. कोरेगावकडचे, शेतकरी घरातले, नुकतंच लग्न झालेले, तिशीच्या आतबाहेरचे. अण्णांनीच त्यांना मनगटाचा झटका शिकवला होता. एका शनिवारी ते रजा घेऊन गावी गेले. त्या शनिवारी आपल्या बाईनं एक गडद साडी नेसली होती, ठसठशीत काठाची. अण्णांनी पाच मिनिटांत निकाल दिला: आमसुली. वाळलेल्या आमसुलाचा असतो तसला, काळपट जांभळा. सोमवारी आणि मंगळवारी मिळून दुकानातल्या सगळ्या आमसुली साड्या संपल्या.

बुधवारी सदाशिवभाऊ परतले. आमच्या गल्लीतल्या वकीलवहिनी नेमक्या तेव्हा फॉलसाठी आपली नवी आमसुली घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ही शनिवारची." सदाशिवभाऊ सहज, हसत हसत बोलून गेले, "न्हाई ओ वहिनी, शनिवारची हिरवी हुती."

अण्णांनी चष्मा काढला. "काय म्हणालास?"

"हिरवी हुती अण्णा. माझ्या थोरल्या भावानं मिल्ट्रीच्या कँटिनातनं रंगीत टीव्ही आणलाय. म्या सोता बघितली. गर्द हिरवी."

"त्या काठाला हिरवं अंग येतच न्हाई."

"आता आलं आसंल की."

वकीलवहिनींनी साडी परत केली. मग आणखी चौघीजणी आल्या. दुकानाचा मालक, शेठ, भडकला, अण्णांवर नव्हे, सदाशिवभाऊंवर. "गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायची काय गरज होती? नव्या टीव्हीवर सगळंच भडक दिसतं." पण अण्णांना साड्या परत आल्याचं दुःख नव्हतं. त्यांचा डोळा चुकला असं भर दुकानात कुणीतरी म्हटलं होतं. त्यांनी मुंबईला, टीव्हीच्या केंद्राला, पत्र लिहिलं. अमुक शनिवारी निवेदिकेच्या साडीचा रंग, माझ्या मते आमसुली, नक्की कोणता होता ते कृपा करून कळवावे. आणि वाट बघायला लागले.

उत्तर आलं नाही. कशाला येईल? रोज हजारो पत्रं येत असणार तिथं. दुसऱ्या शनिवारी आम्ही अण्णांकडं गेलो तर दार लावलेलं. काकू म्हणाल्या, "त्यांचं डोकं दुखतंय." तिसऱ्या शनिवारीही तेच. चौथ्या शनिवारी मी खिडकीतून पाहिलं. टीव्हीचं शटर लावलेलं होतं आणि अण्णा त्याच्यासमोर बसून होते, हात मांडीवर.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मराठी टायपिंगच्या क्लासला जात होते. एका दुपारी क्लासमधल्या मशीनवर मी कोरा कागद चढवला आणि वर मधोमध केंद्राचं नाव टाइप केलं. 'आपले पत्र पोहोचले. सदर कार्यक्रमात निवेदिकेने परिधान केलेली साडी आपण कळविल्याप्रमाणे आमसुली रंगाचीच होती. आपल्यासारख्या जाणकार प्रेक्षकांमुळे आमचा हुरूप वाढतो. कळावे.' खाली एक न वाचता येणारी सही. सांगलीचा शिक्का पडू नये म्हणून मुंबईला निघालेल्या मावशीकडं पाकीट दिलं. तिला वाचता येत नव्हतं; कुठल्याशा नोकरीचा अर्ज आहे, तिथल्या पेटीत टाक, म्हणून सांगितलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

सदाशिवभाऊ माझ्या मनातही आले नाहीत. मला फक्त आमचा शनिवार परत हवा होता.

पत्र आलं. अण्णांनी पहिल्यांदा मलाच हाक मारली. "नंदे, तू शिकलेली, तू वाच मोठ्यानं." खोलीभर माणसं. मी माझंच पत्र वाचून दाखवलं. 'जाणकार' या शब्दाशी अण्णांनी हात वर केला. "तेवढं परत वाच." मी परत वाचलं.

शनिवार परत सुरू झाला. माझं काम झालं होतं. पण पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा ते दुकानात घेऊन गेले होते.

तिथं काय झालं ते मला हळूहळू कळत गेलं. शेठनं पत्र काचेखाली लावलं. सदाशिवभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या गादीवर जाऊन बसले. पण साड्या विकणाऱ्याला रंग दिसत नाही, ही गोष्ट पेठेत पसरायला काय वेळ लागतो? बायका त्यांच्या गादीवर बसेनात. समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यातून ओरडायची, "सदाशिवा, आमचा बोर्ड लाल का हिरवा रं?" शेठनं त्यांना साड्यांवरून काढून टॉवेल-पंच्यांच्या कपाटाशी बसवलं. तीन महिन्यांत त्यांनी दुकान सोडलं.

त्या दिवशी ते मला एसटी स्टँडवर भेटले. बरोबर बायको, शालनवहिनी, आणि एक पत्र्याची ट्रंक. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"गावाकडं. बघू," ते म्हणाले. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "नंदाताई, मिरजंला जाऊन डोळं तपासून आलो. डॉक्टर म्हणतो कायबी दोष न्हाई. दुसऱ्याला दाखवलं, त्योबी तेच म्हणतो. मग म्या बघितलं ते काय हुतं ओ?"

त्यांची बस लागायला अजून दहा मिनिटं होती. दहा मिनिटं पुष्कळ असतात. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी." आणि घरी आले.

ही माझी गोष्ट. हातून खोटं पत्र लिहिलं गेलं, ते मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. ती दहा मिनिटं मला माफ करता आली नाहीत.

पुढं माझं लग्न झालं, साताऱ्यात पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. सदाशिवभाऊ कुठं आहेत त्याचा पत्ता मी काढला होता. लोणंदला हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं त्यांनी. कामाच्या निमित्तानं मी दोनदा तिथं गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले आणि खिळे घेऊन परत आले. त्यांनी मला ओळखलं नाही. दुसऱ्या वेळी माझ्या पुढं एक माणूस उभा होता, त्याला ऑइलपेंट हवा होता. सदाशिवभाऊ म्हणाले, "रंग न्हाई ठेवत आपण. पलीकडं बघा." खिळे, पाइप, ताडपत्री, पत्रे, कुदळी. सगळं होतं त्या दुकानात. रंगाचा एक डबा नव्हता.

कृष्णेचं पाणी दोनदा घरात शिरलं तेव्हा मायानं अण्णांना साताऱ्याला आणलं, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. काकू तोवर गेल्या होत्या. अण्णा ऐंशीच्या पुढचे, पण दाढी रोज, शर्टाला इस्त्री रोज. मी शनिवारी जायची. गेल्या वर्षी मायाच्या मुलानं त्यांना भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एक चमत्कार दाखवला: कुणीतरी त्या जुन्या कार्यक्रमाचे भाग शोधून काढून इंटरनेटवर चढवले होते. आणि ते रंगीत होते. ते मुळातच रंगीत होते. आमचाच टीव्ही तेवढा काळा-पांढरा होता.

अण्णांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यांनी जुनी वही काढली. आपली बाई पडद्यावर आली, अण्णांनी वयाला न शोभेलसं उठून हात जोडले, मग वहीत बोट ठेवलं. "अबोली लिहिलंय. बघ! अबोली हाय का न्हाई?" अबोलीच होती. पुढची वांगी, वांगीच. शेठजीही दिसले, लालबुंद गालांचे. "मी म्हणालो नव्हतो? दमेकरी न्हाईच तो, रक्तदाबवाला हाय." महिनाभर आम्ही भाग बघत होतो. एकदोन चुका सोडल्या तर अण्णांचा डोळा खरा निघत होता, आणि मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, की तो एक भाग कुणाला सापडलेला नसू दे.

तो सापडला होता. वाद्यवृंद वाजला, जादूगाराची कबुतरं उडाली, आणि आपली बाई आली. गर्द हिरवी साडी. चुड्याचा हिरवा. काठ ठसठशीत.

अण्णांनी वहीत पाहिलं. पडद्यावर पाहिलं.

"फीत जुनी झालीय," ते शांतपणे म्हणाले. "रंग उतरलाय. हिरवट मारतीय. माया, तो फोल्डर दे." आणि त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून तो कागद काढला. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. "माझ्याकडं केंद्राचा कागद हाय. नंदे, वाच गं मायाला."

मी कागद हातात घेतला. वाचला नाही. "अण्णा, हे पत्र मी टाइप केलं होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी परत म्हणाले. मग सगळंच सांगितलं: क्लास, मावशी, एसटी स्टँड, मिरजेचे डॉक्टर. टीव्हीवर कुणीतरी चमच्यांवर ताल धरला होता. मायानं आवाज बंद केला.

अण्णांनी कागद परत घेतला आणि उजेडात धरला, साडी धरायचे तसा. "छापील नाव न्हाई. शिक्का न्हाई. सही कुणाची ते कळत न्हाई." बराच वेळ बघत राहिले. "गिऱ्हाइकाला जे घ्यायचंच असतं, त्याचा धागा ते बघत न्हाई. एवढी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो मी हे."

"अण्णा, माझं चुकलं."

"तू आज घरी जा," ते म्हणाले.

मी गेले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, स्वतः लावलेला. "नंदे, तू लिहिलंस ते लहान. मी ते दुकानात नेलं, काचेखाली लावू दिलं. पंच्यांच्या कपाटाशी तो बसला तवा मी मान खाली घालून साड्या विकत हुतो. ते मोठं हाय. तो कुठं असतो, सांग."

"लोणंदला."

"चल मग."

मायानं गाडी काढली. वाटेत अण्णांनी एकदा आरसा वाकवून आपला भांग नीट केला.

दुकानात सदाशिवभाऊ गल्ल्यावर बसले होते. केस पांढरे, अंगानं भरलेले. मायाच्या हाताला धरून अण्णा पायरी चढले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "सदाशिवा, हिरवी हुती रं."

सदाशिवभाऊ चेहऱ्याकडं बघत राहिले. आवाजानं ओळख पटली असावी. ताडकन उठले. "अण्णा? आवं, तुमी? या, या, बसा!" खुर्ची पुसायला लागले.

"बसतो. आधी ऐक. ती साडी हिरवी हुती. परवा बघितली मी रंगीत. तुझा डोळा खरा हुता. माझा चुकला, आन् भोगलंस तू."

सदाशिवभाऊंचा फडका हातातच राहिला. मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "आगं ए, बाहीर ये! अण्णा आल्यात. हिरवी हुती म्हणत्यात!"

शालनवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं, आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "मला काय सांगताय? म्या तुमच्या शेजारीच बसून बघितली की ती. हिरवी म्हंजे हिरवी. पर तवा मला कुणी इचारलं? तीन मैने दुकान भांडत हुतं, एका बाप्यानं म्हटलं न्हाई की बाईला इचारावं साडीचा रंग कंचा!"

अण्णा असे हसले की त्यांना ठसका लागला. सदाशिवभाऊ हसले, माया हसली. मला हसता आलं नाही. माझं राहिलं होतं. मी उभी राहिले आणि सदाशिवभाऊंना पत्राचं सांगितलं. खिळे न्यायला दोनदा आले होते तेही सांगितलं.

ते माझ्याकडं बघत होते. हसू हळूहळू ओसरलं. "स्टँडवर तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"म्या डोळ्याचं बोललो तवा?"

"हो."

त्यांनी काउंटरवरचा पाना उचलून बाजूला ठेवला. पुन्हा उचलून पहिल्या जागी ठेवला. "ताई, आता ह्या वयात राग यायला उशीर झालाय," ते म्हणाले. "पर येतोय जरा. येऊ द्या."

"येऊ द्या," मी म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. माफी मागायला गेलेल्या माणसाला ताबडतोब माफ केलं की त्याचं ओझं तसंच राहतं, हे मला तिथं कळलं.

शालनवहिनींनी चहा आणला. मलाही दिला, पण सदाशिवभाऊंनी माझ्याशी बोलणं टाळलं, आणि ते बरोबरच होतं. (पुढं दिवाळीत त्यांचा फोन आला. खिळे गंजले का म्हणून विचारत होते.) ते आणि अण्णा मात्र बोलायला लागले ते थांबेनात. शेठ कसा गेला, पेठ कशी बदलली, आता बायका मोबाइलवर साड्या बघतात. "हात लावता येत न्हाई, झटका देता येत न्हाई, त्याला काय बघणं म्हणायचं?" अण्णा म्हणत होते.

तेवढ्यात एक शेतकरी आला. कांद्यावर टाकायला ताडपत्री हवी होती त्याला. सदाशिवभाऊ उठायच्या आत अण्णा उठले होते. "बसा पाहुणं. घ्यायचंच असं काय न्हाई, बघा नुसती." त्यांनी रॅकवरचा गठ्ठा ओढला. शहाऐंशी वर्षांचं ते मनगट हललं आणि ताडपत्री सर्रकन उलगडत काउंटरवरून त्या माणसाच्या पोटापर्यंत गेली. सदाशिवभाऊ परत बसले. त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

"किती फुटी?" शेतकरी म्हणाला.

"फूट नंतर. आधी हात लावा." अण्णांनी ताडपत्रीचा पदर दोन बोटांत धरला, दाराच्या उजेडाकडं नेला, आणि मग मागं वळून विचारलं, "सदाशिवा, हा कंचा रंग म्हणायचा रं?"

शेतकरी चमकून बघायला लागला. निळी ताडपत्री होती. शेंबडं पोरही सांगेल, निळी. पण अण्णा गंभीर होते. वाट बघत उभे होते.

सदाशिवभाऊ उठले. सावकाश काउंटरच्या बाहेर आले. अण्णांच्या हातातला पदर घेतला, दारात गेले, उन्हात धरला, उलटा करून पाहिला. इतका वेळ घेतला की शेतकऱ्यानं माझ्याकडं बघून खांदे उडवले.

"चिंतामणी," ते म्हणाले.

अण्णांनी मान डोलावली आणि गिऱ्हाइकाकडं वळले. "चिंतामणी हाय बघा."